परदेशी गाडीला टॅक्सीचे टायर

टायरच्या दुकानात बाई काय करते, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत विचारला गेला. गिऱ्हाईक दुकानात शिरायचं, काउंटरवर मला बघायचं, मग माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचं. मागे भिंत होती आणि भिंतीवर टांगलेल्या ट्यूबा. मग नाइलाजाने माझ्याकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने विचारायचं, "शेठ कुठे गेले?" शेठ जेवायला गेलेले असत. आमचे शेठ फार जेवत.

दुकान अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, साकीनाक्याच्या अलीकडे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आजूबाजूला कारखाने, वर्कशॉपं, आणि रस्त्यावर दिवसभर ट्रकांची रांग. मी घाटकोपरहून बसने जायची. टेलिफोनवर बोलायला मुलगी पाहिजे, म्हणून मला घेतलं होतं. पण तो टेलिफोन बहुतेक वेळ मेलेलाच असायचा आणि रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी टायर शिकले. शिकवलं युसुफचाचांनी. ते आमचे फिटर. "बेटी, आँख से मत देख, हाथ फिरा," असं म्हणत त्यांनी माझा तळवा जुन्या टायरांवरून फिरवून घेतला. गाडी कुठल्या बाजूला ओढते, ब्रेक कुठला धरत नाही, मालक हवा भरायचा आळस करतो का, हे सगळं झिजलेल्या रबरावर उमटलेलं असतं. पहिल्या महिन्यात माझे हात काळे झाले. ते पुढे कधी पुरते गोरे झाले नाहीत. तसे ते आधीही नव्हते म्हणा.

बाहेरच्या माणसाला टायर म्हणजे काळं, गोल, रबराचं, एवढंच माहीत असतं आणि त्याचं त्यावाचून काही अडत नाही. पण एक सांगते. मोटार कितीही पळणारी असो, ती जमिनीला फक्त चार ठिकाणी टेकते आणि एकेक ठिकाण जेमतेम आपल्या चपलेएवढं असतं. इंजिनाचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा सगळा रुबाब त्या चार चपलांवर. स्पोर्ट्स कारचे टायर निवडायचे म्हणजे ह्या चपला किती रुंद हव्यात, त्यांचं रबर किती मऊ हवं आणि बाजूची भिंत किती ताठ हवी, ते ठरवायचं. रुंद आणि मऊ टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो आणि स्टिअरिंग जड करतो. अरुंद आणि कडक टायर हलका फिरतो, पुष्कळ टिकतो, पण वेगात वळलात की रस्ता सोडतो. सगळे गुण एका टायरात मिळत नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र सगळे हवे असतात.

तशा मुंबईत तेव्हा स्पोर्ट्स कार होत्याच किती? ज्या होत्या त्यांच्या मापाचे टायर इथे बनत नसत. कुणी बोटीवरून आणलेले, कुणी भंगारातल्या परदेशी गाडीचे उतरवलेले, असे शोधून काढावे लागत. पार्ल्याचे एक डॉक्टर होते. त्यांच्या जुन्या दोन सीटच्या गाडीला मी मोठ्या मुश्किलीने पाच चांगले टायर मिळवून दिले, तर त्यांनी त्यातला सगळ्यात उत्तम टायर स्टेपनी म्हणून डिकीत ठेवला. अडीअडचणीला चांगला माल जवळ असावा, हा त्यांचा हिशेब. तो टायर डिकीतच म्हातारा झाला. मुलुंडच्या एका कारखानदाराचे चिरंजीव आले, त्यांना साध्या गाडीला शर्यतीचे रुंद टायर हवे होते. मी नको म्हटलं, ते मडगार्डला घासतील. त्यांनी दुसरीकडून बसवले आणि मुद्दाम मला दाखवायला आले. दुकानभर जळक्या रबराचा वास पसरला. "मॅडम, फील बघा ना कसला येतोय," ते म्हणाले. खरंच येत होता.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात आणि मला वाटतं, बरं चाललं होतं आपलं. पण दुपारच्या डब्याची गोष्ट मी कुणाला सांगत नाही. दुकानातली पुरुषमाणसं टायरांच्या चळतीवर वर्तमानपत्र अंथरून एकत्र जेवायची. मी तिथे बसले की त्यांचं बोलणं थांबायचं. शिव्या आवरायच्या, हसणं आवरायचं, सगळे आपापल्या डब्यात बघून जेवायचे. त्यांची कुचंबणा मला बघवेना. म्हणून मी मागच्या खोलीत, ट्यूबांच्या खोक्यांमध्ये बसून जेवायला लागले आणि पुढे तोच रिवाज झाला. घरी भावांची लग्नं झाली, ते नाहूरला आणि कांजूरमार्गला गेले. मी आईवडिलांच्या माघारी घाटकोपरच्या त्याच खोलीत राहिले. केसांना रबराचा वास कायमचा बसला होता. बसमध्ये शेजारी बसलेली बाई थोड्या वेळाने पदर नाकाला लावायची. मी खिडकीबाहेर बघत राहायची.

त्या दिवसांत एका सिनेमा कंपनीचा प्रॉडक्शन मॅनेजर दुकानात आला. सगळे त्याला पप्पूभाई म्हणत. अंधेरीत स्टुडिओ पुष्कळ, त्यामुळे सिनेमावाले आम्हाला नवे नव्हते. पण या वेळी त्यांनी कुणा श्रीमंताकडून एक लालभडक परदेशी स्पोर्ट्स कार भाड्याने आणली होती. दोनच दारं, दोनच सीटा, बुटकी, जमिनीला चिकटलेली. स्टिअरिंग डाव्या बाजूला. टायर मात्र पार गुळगुळीत झालेले.

"मॅडम, हिरो की गाडी है," पप्पूभाई म्हणाला. "टायर ऐसा चाहिए, कॅमेरा में देख के पब्लिक की सीटी निकले. एकदम चौड़ा."

गाडी चालवत आणणारा माणूस दारात उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, हिरोसारखाच केसांचा कोंबडा काढलेला, पण चेहरा आमच्या बसमधल्या कुठल्याही माणसाचा असावा तसा. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो जरासा लाजला.

"माझा नाव दत्ताराम," तो म्हणाला. "हिरो पडतत ना, तेव्हा खरो मी पडतंय. डुप्लिकेट."

मी हसले. दुकानात मी फारशी हसत नसे, त्यामुळे युसुफचाचांनी मान वर करून बघितलं.

रुंद टायर मिळवायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत दत्ताराम अधूनमधून चौकशीला यायचे. चौकशी दारातून होण्यासारखी होती, पण ते काउंटरपाशी येऊन उभे राहायचे. सिनेमातलं सांगायचे. हिरोचा चेहरा दिसू नये म्हणून कॅमेरा कुठे लावतात, उंचावरून पडताना हनुवटी कुठे ठेवायची, असलं काहीबाही. ते गिरगावात कुणा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहत. लग्न झालं नव्हतं. "रोज हाडा मोडणाऱ्याक पोरगी कोण देतलो?" असं स्वतःच म्हणाले. माझ्याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही. टायरच्या दुकानात बाई काय करते, हेसुद्धा नाही. माझ्या ते लक्षात आलं आणि लक्षात राहिलं.

टायर मिळाले, चाचांनी बसवले. नवे टायर लगेच भरवशाचे नसतात. साच्यातून निघताना त्यांच्यावर एक निसरडा पापुद्रा राहतो, तो रस्त्यावर घासून जावा लागतो. म्हणून गाडी थोडी फिरवून आणायची होती. परक्याची महागाची गाडी, शेठच्या जिवाला घोर. "सुनंदा, तू साथ में बैठ," ते मला म्हणाले आणि जेवायला गेले.

मी आयुष्यात पहिल्यांदा असल्या गाडीत बसले. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे मी बसले उजवीकडे, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. पवईच्या रस्त्याला लागलो तर येणारेजाणारे माझ्याकडेच बघायला लागले. लाल गाडी, चालवायच्या जागी बाई, आणि बाईच्या हातात स्टिअरिंगच नाही. एका हवालदाराने तर तोंडातला चहा खाली सांडला. मी पदर खोचून गंभीर चेहऱ्याने समोर बघत होते. दत्ताराम इतके हसले की त्यांना गाडी हळू करावी लागली. तलाव मागे गेला, वारा केसांतून गेला. मला त्या वेळी कुणीही काहीही विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

कांजूरमार्गच्या बाजूला पोचल्यावर त्यांनी गाडी परत फिरवायला घेतली. हळू वेगात रुंद टायर डांबराला धरून बसतात, चाक वळता वळत नाही. उजवा हात गिअरवर, डाव्याने स्टिअरिंग फिरवताना मधेच त्यांचा डावा हात सुटला. सुटला म्हणजे गळूनच पडला मांडीवर. गाडी रस्त्यात आडवी आणि समोरून बस.

"बाई, धरा!" ते ओरडले.

मी वाकून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि त्यांच्या उजव्या हाताबरोबर जीव खाऊन ओढलं. गाडी वळली. बसवाला शिव्या घालत गेला. मी तशीच वाकलेली होते, माझा हात त्यांच्या हातावर होता आणि दोघांच्याही ते लक्षात यायला थोडा वेळ लागला.

रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांनी कप उजव्या हातात धरला. डावा बाकड्यावर नुसता ठेवलेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झाला. शूटिंगात जिन्यावरून पडलंय. हाड बसवल्यानी, पण खांदो काय बसाक नाय. देशी गाडीत चालून जाता. उजव्या हातान स्टिअरिंग, डाव्यान गिअर. कोणाक कळणा नाय. ह्या गाडीचा सगळाच उलटा."

मग त्यांनी शॉट समजावून सांगितला. गाडी जोरात यायची, उजव्या हाताने हँडब्रेक ओढायचा, त्याच क्षणी एकट्या डाव्या हाताने स्टिअरिंग गरकन फिरवायचं. मागची चाकं घसरतात आणि गाडी भोवऱ्यासारखी उलटी फिरून उभी राहते. हा शॉट नीट झाला तर फाइट मास्टर त्यांना असिस्टंट करून घेणार होते. म्हणजे पुढे स्वतः पडायचं नाही, दुसऱ्यांना पडायला शिकवायचं. नाही झाला, तर या वयात नवं काम कुणी दिलं नसतं.

"मास्टरना सांगा ना हाताचं," मी म्हटलं.

"सांगलंय तर हातचा आसा ता पण जाईल. तुमीही कोणाक सांगू नकात, बाई." मग जरा वेळाने, विषय बदलावा म्हणून असेल, म्हणाले, "आमच्या गावाक येवा एकदा. समोर खाडी, मागे घर. वारो काय सुटता."

कोकणातली माणसं सगळ्यांनाच येवा म्हणतात हे मला माहीत होतं. तरी मला बरं वाटलं. गावाचं नाव विचारायचं होतं, पण मला लगेच विचारायची लाज वाटली. पुढे कधीतरी विचारू म्हटलं.

परत येताना मी डोकं चालवत होते. त्यांचा खांदा मी बदलू शकत नव्हते, टायर बदलू शकत होते. गाडीच्या रिमचा व्यास आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रिमएवढाच होता. टॅक्सीचा टायर अरुंद, कडक रबराचा. पुढे लावला तर स्टिअरिंग हलकं होणार. मागे लावून हवा जरा जास्त भरली तर तो रस्ता लवकर सोडणार. म्हणजे कमी वेगात, कमी ताकदीत गाडी फिरणार. एरवी कुणी स्पोर्ट्स कारला टॅक्सीचे टायर मागितले असते तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. पण चांगला टायर म्हणजे त्या माणसाला, त्या कामाला लागणारा टायर. मला टायर शॉट करणाऱ्याला द्यायचे होते, गाडीला नाही.

चाचांना मी म्हटलं, टॅक्सीचे चार टायर काढा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दत्तारामकडे पाहिलं, त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि काही न विचारता उठले.

पप्पूभाईने मात्र डोकं धरलं. "मॅडम, वाट लगा दी! हिरो की गाडी में टॅक्सी का टायर?"

"गोल फिरायचा शॉट रुंद टायरवर अडकेल," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. "जवळून दाखवायचं तेव्हा रुंद लावा. फिरायच्या वेळी हे लावा. आम्ही येऊन बदलून देतो."

शॉट आरे कॉलनीत होता, सकाळचा. मी आणि चाचा जॅक, पाने आणि टायर घेऊन टेम्पोतून गेलो. एवढी माणसं, एवढे दिवे, आणि सगळी वाट बघत बसलेली. हिरो रुंद टायर लावलेल्या गाडीत बसला, कॅमेरा आधी त्याच्या चेहऱ्यावर गेला, मग चाकावर. ते झालं तशी हिरो खुर्चीत जाऊन बसला. चाचांनी टॅक्सीचे टायर चढवले, मागच्या हवेचं मी बघितलं. कुणीतरी गाडीपुढे नारळ फोडला. त्याचं पाणी पुढच्या टायरवर उडालं, ते मी रुमालाने पुसून घेतलं. दत्ताराम हिरोचं कातडी जॅकेट घालून आत बसले होते. काच खाली होती.

"हवा बरी आसा?" त्यांनी विचारलं.

"हवेची काळजी मी केलीय. तुम्ही तुमची करा," मी म्हटलं. याहून बरं काही सुचलं नाही.

गाडी झाडांमधून आली. हँडब्रेकचा आवाज, मग रबराचा. मागचा भाग सुटला आणि गाडी सहज, गोल गिरकी घेऊन उलटी उभी राहिली. धूळ खाली बसली. मग टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, दोन्ही हातांत पाना गच्च धरलेला होता. झालं, जमलं, असं मी स्वतःशी म्हटलं.

फाइट मास्टर कौतुक करायला गाडीपाशी गेले. जाडजूड, पांढऱ्या टोपीतला माणूस. त्यांनी दत्तारामच्या पाठीवर थाप मारली आणि सहज खाली बघितलं. मग बुटाने टायरला टोचलं.

"ये क्या है? अभी क्लोजअप में चौड़ा लिया, और घूमते टाइम पतला? पब्लिक अंधी है क्या? चौड़ा लगाओ, एक और लेंगे."

पप्पूभाई माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे होऊन रुंद टायर अडकेल वगैरे म्हणाले, पण मास्टरांनी हात वर केला. "मॅडम, गाडी घुमाना मेरे को मत सिखाओ." त्यांचंही बरोबर होतं. दोन धडधाकट हातांच्या माणसाने त्या रुंद टायरांवरही गाडी फिरवली असती.

दत्ताराम गाडीतून उतरले. ते काहीतरी सबब सांगतील असं मला वाटलं. सांगता आली असती. डोकं दुखतंय, गिअर अडकतोय, काहीही. पण ते मास्टरांसमोर सरळ उभे राहिले.

"मास्टर, मेरा बायाँ हाथ नहीं चलता," ते म्हणाले. "चौड़े पे नहीं होगा. जबरदस्ती किया तो गाडी कॅमेरे पे जाएगी. उधर आदमी लोग खड़े हैं."

मास्टरांची नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली.

"कब से?" मास्टरांनी विचारलं.

"साल हो गया."

"बोलना था ना रे, दत्तू."

"बोलता, तो काम देते?"

मास्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त मागे वळून एका तरुण फायटरला खूण केली. तो जॅकेट घ्यायला येऊन उभा राहिला. दत्तारामनी उजवी बाही काढली. डावी निघेना. खांदा मागे जात नव्हता, ते वाकून, मान तिरकी करून ओढत होते आणि सगळे बघत होते. सगळ्यांत जवळ मी होते. दोन पावलं पुढे जाऊन बाही धरायची, एवढंच काम. पण इतक्या लोकांसमोर, बाईने, असं काहीतरी मनात आलं आणि पाय हलले नाहीत. शेवटी चाचा गेले. लहान मुलाचा सदरा काढावा तशी त्यांनी ती बाही हळूहळू काढली.

चाचा रुंद टायर चढवायला लागले. मी हवा बघत होते, पण डोळे भरल्यामुळे गेजवरचा काटा दिसत नव्हता. मान वर केली तेव्हा दत्ताराम साध्या शर्टात, हायवेच्या दिशेने चालत निघाले होते. बरेच पुढे गेले होते.

"चाचा, थांबवा ना त्यांना," मी म्हटलं.

"क्या बोल के रोकूँ, बेटी?" चाचांनी विचारलं.

माझ्याकडे त्यांना द्यायला काय होतं? आमच्या दुकानात टायर उतरवायचं काम दोन्ही खांद्यांचं. मग ते दिसेनासे झाले.

ते पुन्हा दुकानात येतील असं मला बरेच दिवस वाटत होतं. दारात कुणी उभं राहिलं की मी मान वर करायची आणि असायचा कुणी ट्रकवाला. पप्पूभाई दुसऱ्या गाडीच्या कामाला आला तेव्हा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "गाँव गया. मालवण साइड." मालवणकडे गावं काय थोडी आहेत? खाडीही एक नाही. मी गावाचं नाव विचारलं नव्हतं. मला तो माणूस आवडला होता, हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नाही. आता म्हणायला हरकत नाही, आता ऐकायलाच कुणी नाही. मागच्या खोलीत जेवताना मी भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, एवढाच फरक पडला. तो कुणाच्या लक्षात आला नाही.

पुढे तो सिनेमा लागला. मी एका रविवारी दुपारच्या खेळाला गेले, एकटीच. तिकिटाच्या खिडकीवर बायकांच्या रांगेत दोघीतिघींनी वळून बघितलं. माझ्या एका बाजूची खुर्ची रिकामी, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, त्यांच्या पलीकडे त्यांचं सगळं कुटुंब, चिवड्यासकट. गाण्यांवर गाणी झाली. मग ती लाल गाडी आली. आरेमधली झाडं मी ओळखली. हिरोचा चेहरा दिसला, मग पडदाभर एक चाक, आमचा रुंद टायर, आणि थिएटरात खरोखर शिट्ट्या वाजल्या. पप्पूभाईचं म्हणणं खरं ठरलं. मग गाडी झाडांतून आली, हँडब्रेक लागला आणि ती फिरली.

मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. फिरणाऱ्या गाडीखाली अरुंद टायर होते. त्या तरुण फायटरचा शॉट सिनेमावाल्यांनी वापरलाच नव्हता. पुन्हा एकदा दुसऱ्या बाजूने तेच दाखवलं, तरी तेच अरुंद, कडक, टॅक्सीचे टायर, आणि तीच सहज, गोल गिरकी. सगळं थिएटर हिरोच्या नावाने ओरडत होतं. ती गिरकी कुणाची, हे त्या अंधारात एकट्या मला माहीत होतं. दत्तारामना ते कुणी सांगितलं नसणार. मला तर सांगायला पत्ताच नव्हता. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. मी शेजारच्या गृहस्थांच्या दंडाला हात लावला.

"अहो, बघा ना," मी म्हटलं. "ते टॅक्सीचे टायर आहेत."

"कुठाय टॅक्सी?" त्यांनी दचकून विचारलं.

"ती चालवतायत ते दत्ताराम—"

"ओ ताई, गप बसा ना यार," ते म्हणाले. "पिक्चर बघू द्या."

मी हात मागे घेतला. गाडी तोवर पडद्यावरून गेली होती.